गाणं सगळ्यांचं, मत ज्याचं त्याचं



निवडणूक जवळ आली की मोबाईलवर एक बातमी हमखास फिरते. अमका गायक तमक्या पक्षाच्या स्टेजवर दिसला, अमक्या गायिकेनं एका पुढाऱ्याचं कौतुक केलं. लगेच दोन तट पडतात. जिची गाणी लावून आपण हळदीकुंकू केलं, तिचं नाव काढलं तरी कुणाला राग येतो. गायिकेला त्याचा पत्ताही नसतो. इकडे दोन शेजारणी मात्र बोलेनाशा होतात. आज त्याबद्दलच बोलू या.

लतादीदींचंच बघा. नोव्हेंबर २०१३ मध्ये पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या कार्यक्रमात त्यांनी नरेंद्र मोदी पंतप्रधान व्हावेत अशी इच्छा बोलून दाखवली. मोदी तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते. कुणाला आनंद झाला, कुणाला वाईट वाटलं. मुंबईतल्या एका काँग्रेस नेत्यानं तर त्यांचा भारतरत्न किताब परत घ्यावा, इथपर्यंत मजल नेली. याच लतादीदी १९६३ साली दिल्लीत काँग्रेसच्या पंडित नेहरूंसमोर ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायल्या होत्या. ६ फेब्रुवारी २०२२ ला त्या गेल्या, तेव्हा शिवाजी पार्कवर मोदी आले, उद्धव ठाकरे आले आणि आपल्या बारामतीचे शरद पवारही आले. सभेत एकमेकांवर टीका करणारी ही माणसं तिथं एका दुःखानं उभी होती.

कधी उलटंही होतं. आणीबाणीत, १९७६ साली, किशोर कुमारांनी सरकारच्या प्रचाराला गायला नकार दिला. मग त्यांची गाणी आकाशवाणीवर बंद झाली. राग गायकावर होता, शिक्षा मात्र रेडिओ ऐकणाऱ्या लाखो घरांना झाली.

आता कुणी म्हणेल, कलावंतानं राजकारणात पडूच नये. आम्हाला ते पटत नाही. शाहीर अमर शेख बार्शीचे. १९६९ साली आपल्या इंदापूरजवळच अपघातात त्यांचा अंत झाला. ते कम्युनिस्ट होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या डफावर माणसं गोळा व्हायची. ऐकणारे सगळे काही त्यांच्या पक्षाचे नव्हते. त्या समितीतच बघा ना, कॉम्रेड डांगे कम्युनिस्ट, एस. एम. जोशी समाजवादी, आचार्य अत्रे तर आपल्याच मताचे! पण मुंबईसह महाराष्ट्र हवा, हे काम एक होतं. म्हणून ती माणसं एकत्र राहिली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

आपला बचत गट तरी वेगळा काय आहे? कर्ज गटाच्या नावावर असतं. दहाजणींतल्या दोघी रुसून बैठकीला आल्या नाहीत, तर हप्ता लांबतो आणि बँकेत सगळ्यांची पत जाते. डाळजच्या आसपासच्या गटांत फिरताना आम्ही हे पाहिलंय. एकीनं गायिकेच्या प्रचारगीताचं स्टेटस ठेवलं, दुसरीला ते झोंबलं. तीन बैठका दोघी आल्या नाहीत. तिसरीला शेळीसाठी कर्ज हवं होतं, ते अडकलं. तिचा त्या गाण्याशी काय संबंध? शेवटी दोघींना समोरासमोर बसवलं, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. मतं दोघींची आजही तीच आहेत.

म्हणून आम्ही गटांना तीन गोष्टी सुचवतो. गटाच्या व्हॉट्सॲपवर बैठक, बचत, कर्ज आणि योजना एवढंच टाकायचं, पक्षाचं काही नाही. एखादीचं मत खटकलं, तर मोबाईलवर टोमणा न मारता तिच्या ओट्यावर जाऊन विचारायचं, “का गं, तुला असं का वाटतं?” आणि कर्ज देताना गरज व परतफेड बघायची, ती कुणाच्या सभेला गेली होती हे बघायचं नाही.

गायकाचं मत पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडा. गाणं ऐकायचं की बंद करायचं, तेही तुमच्या हातात आहे. त्याचंही मत एकच आणि आपलंही एकच. पण रात्री पोर तापानं फणफणलं, तर शेजारचंच दार वाजवावं लागतं. ते दार उघडं राहील एवढं बघा.