गल्ली आपली, वेग कोणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात, इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर भाषण करणे म्हणजे श्रोता आणि मोदक यांच्या मध्ये उभे राहणे. म्हणून विषय घरचाच घेतला आहे. आपल्या गल्लीतली वाहने हळू कशी होतील?

आम्ही रस्ते बांधणाऱ्या खात्यातली माणसे. रस्ता गुळगुळीत झाला की लोक आमचे आभार मानतात. पुढच्याच आठवड्यात त्याच लोकांचा अर्ज येतो, "साहेब, एक स्पीड ब्रेकर टाकून द्या." दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो, आणि वाढलेला वेग आपल्याच दारावरून जातो.

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा आपल्या जुन्या वस्त्यांत गल्ली हा घराचाच भाग होता. ओट्यावर गप्पा, दारात रांगोळी, मधोमध क्रिकेट. आता मुख्य रस्त्यावर सिग्नल लाल दिसला की दुचाकी गल्लीत वळते. मोबाइलचा नकाशाही तोच आडमार्ग सुचवतो. देवळात निघालेल्या आजींना फाटकाबाहेर पाऊल टाकताना दोनदा थांबावे लागते. काही घरांतून संध्याकाळी मुलांना बाहेर सोडणेच बंद झाले आहे. कोणाला लागले नाही म्हणून त्याची कुठे नोंद नाही, पण हे नुकसान लहान नाही.

घाई करून मिळते काय, याचा हिशेब करू. गल्ली 300 मीटर लांब धरा. ताशी 50 किलोमीटर वेगाने ती पार करायला सुमारे 22 सेकंद लागतात आणि 30 च्या वेगाने 36 सेकंद. म्हणजे वाचले 14 सेकंद! एवढ्यात आपली "सुखकर्ता"ची दोन कडवीही होत नाहीत.

आता या 14 सेकंदांची किंमत पाहा. चेंडूमागे धावणारे मूल चालकाला 15 मीटरवर, म्हणजे साधारण पन्नास फुटांवर दिसले. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद तरी जातो. 30 च्या वेगाने त्या सेकंदात गाडी 8 मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, आणखी 5 मीटरमध्ये थांबते. मूल वाचले. 50 च्या वेगाने त्याच सेकंदात गाडी 14 मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागतो न लागतो तोच मूल समोर असते. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 30 चे 50 झाले की तो पावणेतीन पटीहून अधिक होतो. म्हणूनच 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पायी चालणारे आणि वाहने एकत्र असतात तिथे कमाल वेग ताशी 30 किलोमीटर असावा, असे म्हटले आहे.

उपाय म्हटला की पहिला आठवतो स्पीड ब्रेकर. पण कोणी घराचे बांधकाम करताना उरलेल्या सिमेंटचा उंच, अरुंद बांध रस्त्यावर घालतो, त्याला आम्ही ब्रेकर म्हणत नाही. जाड टायरची मोठी गाडी एक दणका खाऊन पुढे जाते. शिक्षा होते ती स्कूटरवर मागे बसलेल्या वहिनींना, रिक्षातल्या गरोदर बाईला आणि ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णाला. रात्री रंग नसलेला बांध तर स्वतःच अपघात घडवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेत गोलाईचा ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि मधोमध फक्त 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे. ताशी 25 च्या वेगाने त्यावरून गाडी सुखाने जावी आणि जोरात जाणाऱ्याला मात्र तो जाणवावा, असा हा आकार आहे. त्यावर पांढरे-काळे पट्टे हवेत आणि आधी फलक हवा. लांब गल्लीत एकाने भागत नाही. चालक तेवढ्यापुरता दबतो आणि पुढे भरपाई करतो.

ब्रेकरशिवायही वेग कमी होतो, आणि त्याचा पुरावा आपण आत्ता ज्याच्याखाली बसलो आहोत तो मांडवच आहे. या दहा दिवसांत गल्ली एका बाजूने अरुंद होते, वाट थोडी वळते, समोर माणसे दिसतात. कोणी न सांगता प्रत्येक गाडी हळू होते. सरळ, रुंद, मोकळा रस्ता चालकाला "पळव" म्हणतो आणि अरुंद, वळता रस्ता "सांभाळून" म्हणतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात साठच्या दशकाच्या अखेरीस रहिवासी गल्ल्यांत झाडे, कुंड्या, बाके आणि वळणे आणून हेच साधले. 1976 मध्ये तिथे अशा गल्ल्यांना कायद्याने मान्यता मिळाली. त्यांच्या नावाचा अर्थ साधारण "राहते अंगण" असा होतो. आपल्याला हा शब्द शिकवायला नको!

आपल्या गावालाही हा विचार परका नाही. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी केलेला इंदूरचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या फोडून सरळ रुंद रस्ते काढण्यापेक्षा आहे ती वस्ती जपत सुधारावी, हे त्यांचे धोरण होते.

मग आपण काय करायचे? पहिले काम मोजणीचे. गल्लीत 25 मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारा आणि कडेला, ओट्यावर बसून मोबाइलचे घड्याळ लावा. हे अंतर गाडीने 3 सेकंदांपेक्षा कमी वेळात पार केले, तर ती 30 च्या वर आहे. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी नोंद करा. "गाड्या फार जोरात जातात" हा अर्ज फायलीत पडून राहतो. तारीख, वेळ आणि आकडे असलेला अर्ज बाजूला ठेवणे आम्हा सरकारी माणसांनाही जड जाते.

दुसरे, तो अर्ज सगळ्या घरांच्या सह्यांनी झोन कार्यालयात, पार्षदांकडे आणि वाहतूक पोलिसांकडे द्यावा. गाड्या एकाच बाजूला रांगेने लावण्याऐवजी काही अंतर डाव्या, काही अंतर उजव्या बाजूला लावता येतील का, कोपऱ्यावरचे वळण आवळता येईल का, हेही त्यांच्याबरोबर बसून ठरवावे. अग्निशमनाची गाडी जाईल एवढी वाट मात्र कायम मोकळी हवी. मांडवालाही हाच नियम.

तिसरे काम अवघड आहे. गल्लीतून जोरात जाणाऱ्यांत बाहेरचे असतात, तसे आपल्याच घरातलेही असतात. शिकवणीला उशीर झाला म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणारे आपणच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या अशा अपराधासाठी पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा शेजाऱ्याचा शब्द जास्त काम करतो. "अरे, जरा हळू" असे काकांनी हक्काने म्हणावे आणि त्याच्या आईने त्याचा राग मानू नये, एवढे आपल्यात ठरले तरी पुष्कळ झाले.

2017 पासून स्वच्छतेत आपले शहर देशात पुढे राहिले. ते एकट्या नगर निगमाच्या गाडीने झाले नाही. घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा झाला, तेव्हा झाले. वेगाचेही तसेच आहे. विसर्जनानंतर मांडव उतरेल, वाट पुन्हा सरळ होईल आणि गाड्या पुन्हा पळू लागतील. त्याच्या आत मोजणीला कोण बसणार, ती नावे आजच कार्यवाहांकडे द्या. खडू आम्ही आणतो.

गणपती बाप्पा मोरया!