वहीतला शेरा



मला 'धावण्याच्या शर्यतींबद्दल दोन शब्द' बोलायला सांगितलंय. धावपटू म्हणून माझी लायकी काय, हे बाहेरच्या टेबलावर मांडलेल्या क्रीडा रजिस्टरात आहेच. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की दहावीत असताना १५०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत धावलो. सरांच्या अक्षरात तिथे ५:३८ लिहिलंय. पुढे शेरा: 'सुरुवात फार जोरात.'

सर सगळ्यांची वेळ लिहायचे, शेवटच्याचीही. तो येईपर्यंत घड्याळ धरून उभे राहायचे आणि आम्ही पाणी प्यायला पळायचो. पंचेचाळिशीनंतर मी पुन्हा धावू लागलो, तेव्हा त्या रजिस्टरासारखीच वही घातली. तारीख, शर्यत, अंतर, वेळ आणि शेरा.

वेळ लिहायची म्हणजे कोणती, हेही शिकावं लागलं. मुंबई मॅरेथॉनच्या गर्दीत सुरुवातीची रेघ गाठायलाच काही मिनिटं जातात. गोळीपासूनची वेळ वेगळी, चिपची वेगळी. एका वर्षी ही आणि दुसऱ्या वर्षी ती लिहिली, तर आपण सुधारलो की बिघडलो हे कळत नाही. मी चिपची लिहितो. मनगटावरचं घड्याळ अर्धमॅरेथॉन २१.४ किलोमीटर दाखवतं, तिकडेही लक्ष देत नाही. मोजणी वळणांवर आतल्या बाजूने होते, आपण गर्दीत बाहेरून पळतो. निकाल संगणकावर असतातच, पण आयोजक बदलले की जुने सापडत नाहीत. म्हणून छातीवरच्या नंबराच्या मागे त्याच संध्याकाळी वेळ लिहून ठेवतो. असो, हा माझा नाद झाला.

सांगायचं आहे ते साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनबद्दल. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचं. तिथे मी चढ आणि उतार वेगळे लिहायचो. २०१६ ला चढ १:१२, उतार १:०२. २०१७ ला १:१७ आणि १:०२. २०१८ ला १:२९ आणि १:०३. शेऱ्यात पहिल्या वर्षी 'छान'. दुसऱ्या वर्षी 'पाऊस, झोप कमी, घाटात छातीत जळजळ, पोहे बाधले'. तिसऱ्या वर्षी 'वय झालं. पुन्हा जळजळ.' त्या वर्षी मी पोहे खाल्लेच नव्हते, तेही लिहिलं होतं.

माझ्या मुलीने वही चाळली. ती डॉक्टर वगैरे नाही, हिशेब तपासण्याचं काम करते. म्हणाली, "बाबा, वय झालं असतं तर उतारही वाढला असता. तुमचा फक्त चढ वाढतोय, आणि जळजळही चढावरच."

मी चिडलो. आठवडाभर टाळलं. मग वही घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी ठीक आला. पट्ट्यावर चढाने चालवल्यावर मात्र त्यांनी मध्येच थांबवलं. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली आणि दोन दिवसांत स्टेंट बसला. तपासण्या दरवर्षी करायच्या असतात हे मला माहीत होतं. मी फक्त शर्यतींची नोंद ठेवत होतो, आणि तीही नीट वाचत नव्हतो.

त्यानंतरचं पान वेगळं आहे. डॉक्टरांच्या परवानगीने पहिली पाच किलोमीटर चालत केली, ५८ मिनिटं. माझ्या मागे फक्त रुग्णवाहिका होती. घड्याळवाला मुलगा पट्टी गुंडाळायला लागला होता. मला पाहून त्याने ती पुन्हा पसरली. तीही वेळ वहीत आहे, शेऱ्यासकट.

उद्या सकाळी साडेसहाला आपण मैदानाला चार फेऱ्या मारणार आहोत. ज्यांना चालायचं त्यांनी चालावं. सरांनी वेळ लिहायचं कबूल केलंय, खुर्चीवर बसून. सर, या वेळी सुरुवात सावकाश करतो.