सोमवारची वही

श्रोतेहो, आमच्या वाचनालयात नव्याने येणारा माणूस मला एक वाक्य हमखास ऐकवतो. म्हणतो, "बाई, तुमची नोकरी मोठी झकास. दिवसभर बसायचं नि पुस्तकं वाचायची!" पूर्वी मी अशांना समजावून सांगत असे. आता नुसती हसते. हलवाई काही दिवसभर पेढे खात बसत नाही. ग्रंथपालाचेही तसेच आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात सोळा वर्षे ग्रंथपाल आहे. यजमान प्राथमिक शिक्षक. त्यांची शाळा बावीस किलोमीटरवरच्या एका वाडीत, तेव्हा रोज एस. टी.चा प्रवास. घरात सासूबाई आणि दोन शाळकरी मुले. माझ्यासारख्या कितीतरी जणी आणि कितीतरी जण या कामात आहेत. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि आज राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालये शासनमान्य आहेत. तेव्हा मी आज जे सांगणार आहे ते एकटीचे गाऱ्हाणे समजू नका. आणि गाऱ्हाणे तर नाहीच. नोकरी, संसार आणि स्वतःची आवड या तिघांची मोट बांधताना मला एक गोष्ट उशिरा कळली, ती तुम्हांला जरा लवकर कळावी एवढाच हेतू आहे.

आधी आमच्या कामाच्या वेळा सांगते. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात उघडे असते. लोकांना सवड असेल तेव्हा आम्ही दार उघडायचे, हा आमच्या धंद्याचा धर्म. पण लोकांची सवड तीच नेमकी घरच्या कामाची वेळ! सकाळी आठला मुलांचे डबे, संध्याकाळी सातला चूल. रविवारी सारे घर घरात, आणि मी मात्र टेबलाशी, कारण रविवारी सर्वांत जास्त वाचक येतात. आमची साप्ताहिक सुटी सोमवारी. त्या दिवशी यजमान वाडीला आणि मुले शाळेत. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण नवराबायकोला एकच सुटी मिळाली असे दिवस बोटांवर मोजावेत. मे महिन्यात मास्तरांना सुटी असते खरी. पण मुलांनाही असते, आणि सुटीतली मुले वाचनालयात मधमाश्यांसारखी येतात. तेव्हा रजा कशी मागायची?

आणि कामाचे म्हणाल तर नुसती पुस्तकांची देवघेव म्हणजे काम नव्हे. नवे पुस्तक आले की ते दाखल नोंदवहीत चढवायचे: क्रमांक, लेखक, प्रकाशक, पाने, किंमत, बिलाची तारीख. मग शिक्के मारायचे. एक पहिल्या पानावर, एक ठरलेल्या आतल्या पानावर, म्हणजे पहिले पान कोणी फाडले तरी पुस्तक आपले हे ओळखता यावे. मग विषयाचा क्रमांक, पाठीवर चिठ्ठी, आत खिसा. पावसाळ्याआधी कपाटे रिकामी करून झाडायची, कसर आणि वाळवी पाहायची. मार्चअखेर हिशेब आणि अहवाल. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येते आणि पगार त्यावर अवलंबून. म्हणून दप्तर चोख ठेवावेच लागते.

राहता राहिले दुपारचे अकरा ते चार. सगळ्यांना वाटते, बाईंना मधले पाच तास मोकळे! मलाही तसेच वाटे. पण त्या पाच तासांत दळण, बाजार, बँक, धुणे, सासूबाईंचे औषध, आल्यागेल्याचा चहा. चार कधी वाजले ते कळत नसे. रात्री उशाला पुस्तक घेऊन निजायची, आणि तेच पान तीन तीन रात्री उघडे राहायचे. दिवसाला साठ-सत्तर पुस्तके माझ्या हातून जायची, आणि स्वतःचे वाचन वर्षाला चार पुस्तकांवर आले. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले एक असे की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. दुसरे असे की, वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे. मी सगळ्या गावाचा वेळ वाचवत होते. माझा वेळ कोणी वाचवायचा, हे कोणत्या सूत्रात बसते ते मला सापडत नव्हते.

आता माझ्या आवडीबद्दल. मला लहानपणापासून जात्यावरच्या ओव्यांचा नाद. माझी आई पहाटे दळताना गायची. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात पालथी पडली, आणि ओवी म्हणायला निमित्तच उरले नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघा अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून ठेवल्या, हे मी नोकरीत आल्यावर वाचले. वाटले, आपणही आपल्या तालुक्यापुरत्या लिहून ठेवाव्यात. दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि वही कपाटात ठेवली. ती तिथेच पाच वर्षे राहिली.

आमच्या यजमानांच्या एक आत्या होत्या. दिवाळीला आमच्याकडे महिनाभर राहायच्या. तांदूळ निवडताना, वाती वळताना त्यांच्या ओठांवर ओवी असायचीच. माहेरची, भावाची, विठ्ठलाची, दुष्काळाची. एक संपली की दुसरी. मी म्हणायची, "आत्याबाई, तुमच्या ओव्या मला लिहून घ्यायच्यात हं!" त्या म्हणायच्या, "मग घे की सूनबाई. मी काय इथं कायमची बसलेय व्हय?"

मी म्हटले, मार्च संपू द्या. मार्च संपला, तर मुलांच्या परीक्षा. मग मे महिन्याची गर्दी. मग तपासणी आली. मग पावसाळ्यात एका कपाटाला वाळवी लागली. भाद्रपदात एका संध्याकाळी, ऐन देवघेवीच्या गर्दीत, घरून फोन आला. आत्याबाई गेल्या होत्या.

श्रोतेहो, आमच्याकडे पुस्तक हरवले तर त्याची रीत ठरलेली आहे. सभासदाकडून किंमत भरून घ्यायची, नोंदवहीत शेरा मारायचा, मिळाल्यास दुसरी प्रत आणायची. त्या रात्री मी कपाटातली वही काढली आणि आत्याबाईंच्या ओव्या आठवून लिहायला बसले. चार आठवल्या. त्यांतल्याही दोन अर्ध्याच. बाकीच्या कोणत्या नोंदवहीत लिहायच्या आणि दुसरी प्रत कुठून आणायची? मी मार्चचा अहवाल वेळेवर दिला होता, मुलांचे डबे वेळेवर दिले होते, कपाट वाळवीतून वाचवले होते. सगळे केले होते. जे कोणी मागितले नव्हते तेवढेच राहिले होते.

तेव्हा मला उमगले ते हे, की आवडीच्या कामासाठी वेळ उरत नसतो. उरेल म्हणून वाट पाहिली तर जन्म सरतो. पगाराच्या कामाला जशी वेळ नेमलेली असते तशीच याही कामाला नेमावी लागते, आणि घरातल्यांना ती सांगावी लागते. मनातल्या मनात ठरवून चालत नाही.

मी घरी सांगितले, "दर सोमवारी बारा ते तीन मी ओव्या लिहिणार." घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी तर पापड घालायचेत." यजमान म्हणाले, "अगं, आठवड्यातून एक दिवस तू घरी असतेस, तोही गेला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मी विचारले, "तुम्ही रविवारी गड चढायला जाता तेव्हा मी कधी अडवलंय?" गड-किल्ले हा त्यांचा छंद. ते हसले आणि म्हणाले, "बरं, सोमवारचा रात्रीचा स्वयंपाक माझा." पहिले दोन महिने दर सोमवारी खिचडी झाली. एकदा करपली, तीही आम्ही खाल्ली. आता ते पिठले-भात चांगला करतात. मुले ताटे घेतात. पापड मंगळवारी दुपारी घालतो.

पहिल्या सोमवारी मी ओसरीवर वही उघडली. बोलावून कोणी आले नव्हते, म्हणून आत्याबाईंच्या त्या अर्ध्या ओव्या पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून पाहत होते. सासूबाई भिंतीशी शेंगा सोलत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "तसं नाही ते. चुकतंय तुझं." आणि त्यांनी दुसरी ओळ पुरी केली. मग तिसरी ओवी सांगितली. मग चौथी. तीन वाजेपर्यंत मी लिहीत होते. शेवटी मी विचारले, "आई, तुम्हांला इतक्या येतात, तुम्ही कधी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "तू कधी विचारलंस?"

सोळा वर्षे मी लोकांना विचारत आले, "आपल्याला कोणतं पुस्तक हवं?" आणि ज्या घरात राहते तिथेच एक आख्खे कपाट न उघडता राहिले होते.

पुढे सासूबाईंच्या ओळखीच्या बायका येऊ लागल्या. कधी तीन, कधी सात. भाजी निवडत निवडत सांगतात, मी लिहिते. आज तीन वह्या भरल्या आहेत; सहाशेच्या वर ओव्या झाल्या. सांगणारीचे नाव आणि माहेर प्रत्येक ओवीखाली लिहिते, तिची परवानगी घेऊन. पहिल्या दोन वह्यांची नक्कल करून ती वाचनालयात दाखल केली. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत ३९८ हा क्रमांक लोकसाहित्याचा, त्या क्रमांकाखाली ती ठेवली आहे. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख बेताची. पण आपले नाव असलेले पुस्तक कपाटात आहे, हे पाहायला त्या मुद्दाम एकदा येऊन गेल्या. याच बायकांपैकी चौघी आता स्वतःच्या नावाने सभासद झाल्या. यापूर्वी त्यांच्या घरी पुस्तक जायचे ते यजमानांच्या नावावर, यजमानांच्या पसंतीचे.

प्रवासाचेही असेच नेमून घेतले. २०२३ सालच्या मार्चमध्ये एस. टी.त स्त्रियांना निम्मे तिकीट झाले, तेव्हा मी यजमानांना म्हटले, "आता माझा खर्च निम्माच आहे, नाही म्हणू नका!" वर्षातून दोनदा आम्ही बाहेर पडतो. त्या दिवसांपुरते वाचनालयाच्या समितीतले एक निवृत्त गुरुजी माझ्या जागी बसतात. आमचा करार असा, की एक वेळ गडाची आणि एक वेळ ग्रंथालयाची. रत्नागिरीला गेलो तेव्हा सकाळी त्यांचा रत्नदुर्ग आणि संध्याकाळी माझे नगर वाचनालय, १८२८ सालचे! तितक्या जुन्या संस्थेच्या पायरीवर उभे राहिले की आपले कपाटांतले कष्ट एका लांब साखळीतली एक कडी आहेत, असे वाटते. भिलारला तर दोघेही रमलो. महाबळेश्वर तालुक्यातले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले. पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत आणि देवळात, पुस्तके मांडून सुरुवात झाली. एका घराच्या पडवीत बसून यजमान दोन तास वाचत होते. मला म्हणाले, "तुला रोज असं वाचायला मिळत असेल, नाही?" मी नुसती हसले, तेव्हा त्यांचे त्यांनाच कळले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचे ठीक आहे. आमच्या शेतात सोमवार नसतो आणि रविवारही नसतो. म्हशीला सुटी कळत नाही. खरे आहे. मी तीन तास नेमा असे म्हणत नाही. अर्धा तास नेमा. पण तो घरात सर्वांना सांगून नेमा, आणि त्या वेळी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी एक काम उचलावे. पुरुष मंडळींना तर माझी खास विनंती आहे. घरातल्या बाईला एकदा विचारा, की तुला काय करायला आवडतं? उत्तर लगेच येणार नाही. कदाचित "काही नाही" असेच येईल. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी आजी असेल, नाहीतर शेजारी असेल. या शनिवारी मुलांना एवढेच सांगा, की आजीला येत असलेली एक ओवी, एक म्हण, नाहीतर एखाद्या रानभाजीचे नाव लिहून आणा. वर्षाअखेर वर्गाची एक वही होईल. ती जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. आमच्यासारखे कोणीतरी तिला क्रमांक देऊन कपाटात ठेवील.

मात्र मार्च संपू द्या, असे म्हणू नका. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आत्याबाईंच्या त्या चार ओव्या आहेत. सासूबाईंनी अर्ध्या होत्या त्या पुऱ्या केल्या, पण आत्याबाई त्या कशा म्हणत होत्या हे आता कोणालाच सांगता येत नाही. त्यांच्या नावाखाली आणखी लिहिता यावे म्हणून मी अर्धे पान कोरे ठेवले होते. ते कोरेच आहे.

आज सोमवार असेल तर दुपारी आमच्या ओसरीवर या. पिठले-भात मात्र रात्रीच मिळेल.