मुंबईत मैफल कुठे ऐकावी?
मुंबईत गायकाइतकेच सभागृहही पाहून तिकीट काढावे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएतील टाटा थिएटर १९८० साली सुरू झाले. वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी आखलेल्या या सभागृहात सुमारे हजार श्रोते बसतात, तरी तंबोऱ्याची आस हरवत नाही. ख्यालगायनासाठी याहून चांगली जागा शहरात क्वचितच. किंग्ज सर्कलचे षण्मुखानंद अडीच हजारांहून अधिक आसनांचे. तिथे मोठे वाद्यवृंद शोभतात, पण बारीक मुरकी ध्वनिक्षेपकावरच अवलंबून. गिरगावचे १९११ चे रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडले. तिथली नक्षी हा वेगळाच मोह. उपनगरांत विलेपार्ल्याचे दीनानाथ नाट्यगृह, तर शेजारच्या ठाण्यात गडकरी रंगायतन. शेवटची लोकल मात्र आधी पाहावी. भैरवी तिच्यासाठी थांबत नाही.