बैठकीतले बोल

कारखान्याच्या धन्याला अडचण सांगावयास माणूस नसतो, हे बाहेरच्याला सहसा पटत नाही. त्याच्याभोवती दिवसभर माणसांचा राबता असतो. परंतु पुढल्या महिन्याचे पगार कसे भागवावेत ही विवंचना व्यवस्थापकाला सांगावी, तर तो दुसरी नोकरी पाहू लागेल. बँकेला सांगावी, तर ती हात आखडता घेईल. घरी सांगावी, तर घराची झोप उडेल. भागीदाराशीच बेबनाव झाला असेल, तर बोलणेच खुंटले. अशा वेळी उपयोगी पडतो तो स्वतः असे दिवस काढलेला, परंतु आपल्या नफ्यातोट्याशी काही संबंध नसलेला दुसरा एखादा धनी.

या गरजेतूनच उद्योगचालकांची परस्पर-सल्लामंडळे निघाली. १९५० साली अमेरिकेतील रोचेस्टर येथे रे हिकॉक या तरुण कारखानदाराने उद्योगप्रमुखांची संघटना उभारली; १९५७ साली मिलवॉकी येथे रॉबर्ट नोर्स यांनी निवडक मालकांना नेमाने एकत्र बसविण्याचा प्रघात पाडला. हा प्रघात पुढे देशोदेशी पसरला आणि भारतातही रुजला. मात्र त्याचे मूळ याहून पुष्कळ जुने आहे.

१७२७ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या मुद्रकाने ‘जंटो’ नावाचे मंडळ काढले. त्यात काचकाम करणारा होता, सुतार होता, दस्तऐवजांच्या नकला करणारा होता, एका व्यापाऱ्याचा कारकूनही होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत. अलीकडे गावात कोणाचा धंदा बुडाला व तो कशाने, कोण भरभराटीस आला व कोणत्या उपायाने, हे तेथले ठरीव प्रश्न होते. सभासद बारांहून अधिक घ्यावयाचे नाहीत, आणि मंडळाचे अस्तित्वदेखील गुप्त राखावयाचे, असा नियम होता. नको त्या माणसांचे अर्ज येऊ नयेत, हे कारण फ्रँकलिनने आत्मचरित्रात दिले आहे. कारण साधेच आहे, पण नियमाचे फळ त्याहून मोठे होते.

त्याच गावात व्यापाऱ्यांचा रोज रात्री भरणारा दुसरा एक क्लब होता. गावात दोन मुद्रक असताना हा तिसरा छापखाना बुडणारच, अशी चर्चा तेथे रंगली. बेअर्ड नावाच्या एका डॉक्टराने फ्रँकलिनच्या मेहनतीची वाखाणणी केली, तेव्हा कोठे त्या मंडळींतील एकाने कागदादी सामान पुरविण्याची तयारी दाखविली. नव्या धंद्याची पत अशी गप्पांच्या झुल्यावर झुलत असते. डॉक्टर त्या रात्री आला नसता तर? पुढे भागीदाराच्या वडिलांकडून ठरलेली रक्कम येईना, धनको कोर्टात गेला, आणि भागीदार दारूच्या नशेत रस्त्यावर दिसू लागला. तेव्हा जंटोमधील विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस हे दोघे फ्रँकलिनकडे वेगवेगळे आले. एकाचे येणे दुसऱ्याला ठाऊक नव्हते, आणि फ्रँकलिनने मागणीही केली नव्हती. भागीदारी मोडून धंदा एकट्याने घ्यावा, लागेल तो पैसा आपण देऊ, असे दोघांनीही सांगितले. कोणी दुखावू नये म्हणून फ्रँकलिनने निम्मी निम्मी रक्कम दोघांकडून घेतली. हीच मदत क्लबात वाच्यता होऊन मिळती, तर छापखाना कर्जात बुडाल्याची आवई तिच्याआधी गावभर पोहोचली असती.

‘नाव सांगितले नाही म्हणजे झाले,’ असे पुष्कळांना वाटते. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ सालचा प्रसिद्ध नियम असाच आहे: ऐकलेले वापरावे, बोलणारा उघड करू नये. राजकीय चर्चेला तो पुरतो. व्यापाऱ्याला पुरत नाही. इचलकरंजीतील एका मागवाल्याचे मोठे गिऱ्हाईक सुटले, एवढेच कोणी चहाच्या टपरीवर म्हटले, तर नाव ऐकणाराच पुरवितो. दुसऱ्या दिवशी सूतवाला रोख मागतो. म्हणून ही मंडळे विषयासकट मौन पाळतात: पत्नीलाही सांगावयाचे नाही, टिपणे घरी न्यावयाची नाहीत, आणि ज्याची अडचण असेल त्याने आपण होऊन काढल्याखेरीज ती बैठकीबाहेर त्याच्यापाशीही काढावयाची नाही. हा शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे. लग्नाच्या पंगतीत ‘त्या कर्जाचे काय झाले हो?’ असे सद्‌भावाने विचारणाराच बहुधा गोष्ट षट्कर्णी करतो.

वाच्यता एकदा झाली, की मंडळ मोडतेच असे नाही. बैठका होतात, चहा होतो. पण सभासद तेथे फक्त सुखरूप गोष्टी सांगू लागतात. खरा ताळेबंद खिशातच राहतो, आणि मिळणारा सल्ला खोट्या माहितीवर बेतलेला असतो.

या मौनाला कायद्याचे कवच मात्र नाही. वकील व अशील यांच्यातील बोलण्याला साक्षीच्या कायद्याने संरक्षण आहे. २०२४ च्या जुलैपासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. मित्रव्यापाऱ्यांच्या बैठकीला ते नाही. न्यायालयाने विचारल्यास सांगावे लागते. शिवाय शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालकाने भावावर परिणाम करील अशी अप्रसिद्ध बातमी बैठकीत सहज बोलून टाकणे, हे २०१५ च्या सेबी नियमांनी निषिद्ध आहे. आणि एकाच मालाचे विक्रेते बंद दाराआड दर ठरवू लागले, तर २००२ चा स्पर्धा कायदा आड येतो. म्हणून चांगली मंडळे एका धंद्यातले दोघे एकत्र बसवीत नाहीत, आणि काय बोलावयाचे नाही याची यादीही पहिल्याच बैठकीत वाचून दाखवितात.