मुलाखतीला जाताना आपलेही प्रश्न न्या

कुणी चुलीपाशी, कुणी शिलाई मशीनवर, कुणी शेतातून येऊन पाय धुता धुता हा कार्यक्रम ऐकत असाल. आज आपण नोकरीच्या मुलाखतीबद्दल बोलणार आहोत. त्यातही मोठ्या विमा कंपनीतल्या मुलाखतीबद्दल.

हा विषय का, ते सांगते. आमच्या भागातल्या बचत गटांमधल्या चार जणी गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या विमा कंपन्यांत मुलाखतीला जाऊन आल्या. दोघी दहावी झालेल्या, एक बारावी, एक बी.कॉम. ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही चौघींना बोलायला लावलं. सगळ्या जणी "नोकरीसाठी गेले होते" असंच म्हणत होत्या. पण आपल्याला नक्की काय मिळणार, पगार की कमिशन, हे विचारून आलेली त्यांच्यात एकच होती.

म्हणून आधी हा फरक समजून घेऊ. विमा कंपनीत पगाराच्या जागा असतात आणि एजंटचं कामही असतं. पगाराच्या जागेचं उदाहरण घ्या. एलआयसीत सहायक प्रशासकीय अधिकारी व्हायचं तर पदवी लागते. जाहिरात निघते, पूर्व परीक्षा होते, मुख्य परीक्षा होते, त्यानंतर मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. नुसत्या ओळखीवर, एका बैठकीत ही जागा कुणाला मिळत नाही.

एजंटचं तसं नाही. दहावी पास असलं तरी चालतं. प्रशिक्षण घ्यायचं, मग परीक्षा द्यायची. ५० प्रश्न, एक तास वेळ, पास व्हायला ३५ टक्के गुण. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. हे काम चांगलं आहे, मान आहे, पैसाही आहे. पण ही पगाराची नोकरी नाही. आपण विमा विकला तर कमिशन मिळतं. मुलाखत दोन्हीकडे होते, शाखाही तीच असते, समोरचे साहेबही टाय लावलेले असतात. म्हणून आपली गल्लत होते.

आता एकेकीचा अनुभव ऐका.

पहिली ताई दहावी झालेली, दोन मुलांची आई. प्रमाणपत्रांची फाइल घेऊन, इस्त्रीची साडी नेसून तालुक्याला गेली. तिला वाटलं, गुणपत्रिका बघतील, शाळेतले प्रश्न विचारतील. साहेबांनी फाइल उघडली, मिटली, आणि विचारलं, "ताई, गावात तुम्हाला ओळखणारी किती घरं आहेत?" मग एक कोरा कागद पुढे केला. "यावर शंभर नावं लिहा. नातेवाईक, गटातल्या बायका, दुकानदार, शाळेचे गुरुजी." ताईने चाळीस नावं लिहिली आणि तिचा हात थांबला. ती म्हणाली, "साहेब, या नावांचं काय करणार?" साहेब हसले. "हेच तुमचे पहिले ग्राहक."

मैत्रिणींनो, ही यादी करायला सांगणं या धंद्यात नवीन नाही, त्यात गैरही नाही. पण त्या कागदाचा अर्थ आपण ओळखायला हवा. कंपनीला आपली गुणपत्रिका नको असते, आपली ओळख हवी असते. वर्षानुवर्षं दर महिन्याला वेळेवर बचत भरून, दुसरीच्या कर्जाला जामीन राहून, अडीअडचणीला धावून आपण जे नाव कमावलं, ते नाव त्या यादीत आपण उतरवतो. म्हणून ते जपून उतरवायचं.

दुसरी आमची वहिनी. तिच्यासोबत सासरे गेले होते. तिला विचारलं, "घरचे फिरू देतील का? संध्याकाळी लोक घरी असतात, तेव्हा जावं लागेल. गाडी येते का?" वहिनी आधी गप्प बसली. मग म्हणाली, "गाडी येत नाही, शिकेन. पण साहेब, तीन वर्षं मी गटाची पुस्तकं लिहिते. बँकेत कर्जाची फाइल मीच नेते. आधार, पासबुक, फोटो, कुणाचा कागद अपुरा आहे ते मला बघताक्षणी कळतं. हप्ता थकला तर भांडण न करता वसूलही करते." ऐकून साहेब सरळ होऊन बसले. बाहेर सासरे शेजारच्या माणसाला सांगत होते, "सूनबाईला सगळा हिशोब येतो."

हे लक्षात ठेवा. मुलाखतीत "मी फक्त गृहिणी आहे" असं म्हणू नका. गटाचं काम हा अनुभवच आहे, तो सांगायचा. तिला पुढे विचारलं, "विमा म्हणजे काय?" तिने गावातलंच उदाहरण दिलं. बँकेच्या खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात तो जीवनज्योती विमा, माणूस गेला तर घरच्यांना २ लाख मिळतात. वर्षाला २० रुपये कापले जातात तो सुरक्षा विमा, तो अपघाताचा. "दोन्हीत फरक आहे, आणि बायकांना तोच माहीत नसतो," असं ती म्हणाली. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा हे उत्तर भारी होतं.

तिसरी बी.कॉम. झालेली मुलगी. तिला "पगाराची जागा" म्हणून बोलावलं होतं. इंग्रजीतून दोन प्रश्न झाले, नंतर हिंदीतून. शेवटी सांगितलं, "सुरुवात घरापासून करा. आधी आईवडिलांची पॉलिसी काढा, मग बघू." तिने शांतपणे विचारलं, "सर, नेमणूकपत्र कधी मिळेल? त्यात पगार लिहिलेला असेल का? की टार्गेट झालं तरच पगार?" उत्तर आलं, "हे सगळं नंतर." ती उठून आली. घरी थोडी बोलणी बसली, आलेली संधी सोडली म्हणून. पण माझ्या मते तिने बरोबर केलं. पगार कागदावर लिहून द्यायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यासाठी आईवडिलांनी पॉलिसी का घ्यावी?

चौथीची मुलाखत झाली ती फोनवरच. "तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे पैसे आत्ता पाठवा." बोलणारा विमा नियामक संस्थेचं, म्हणजे आयआरडीएआयचं नाव घेत होता. तिने पैसे पाठवले नाहीत, गटात येऊन विचारलं. ही संस्था विमा कंपन्यांवर देखरेख करते. ती स्वतः विमा विकत नाही, फोन करून बोनस वाटत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि कंपनीच्या शाखेत प्रत्यक्ष जाऊन विचारा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आता बऱ्याच जणी विचारतात ती विमा सखी योजना. एलआयसीची ही योजना डिसेंबर २०२४ मध्ये पानिपतला सुरू झाली. दहावी पास, १८ ते ७० वयाच्या महिलांसाठी आहे. पहिल्या वर्षी महिन्याला ७ हजार रुपये विद्यावेतन, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार. कमिशन वेगळं. ऐकायला छान वाटतं, आणि मेहनत करणारीला ते खरंच छान आहे. पण त्याला अटी आहेत. वर्षात २४ जणांचा विमा उतरवायचा, म्हणजे महिन्याला दोन. पहिल्या वर्षाचं कमिशन ४८ हजारांपर्यंत गेलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी विद्यावेतन हवं असेल तर पहिल्या वर्षी काढलेल्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू असायला हव्यात. आणि ही पगाराची नेमणूक नाही, असं योजनेतच म्हटलं आहे. एलआयसीच्या एजंटचे किंवा कर्मचाऱ्यांचे जवळचे नातेवाईक यात बसत नाहीत. अर्ज करण्याआधी शाखेत जाऊन सध्याचे नियम विचारून घ्या.

ती ६५ टक्क्यांची अट मला फार बोलकी वाटते. भिडेखातर पॉलिसी घेतलेली बाई दुसरा हप्ता भरत नाही. पॉलिसी बंद पडते, तिचे पैसे अडकतात, आपलं विद्यावेतन थांबतं, आणि पुढच्या बैठकीला ती आपल्याशी बोलत नाही. नुकसान दोघींचं होतं.

म्हणून मुलाखतीला जाताना वहीत हे प्रश्न लिहून न्या आणि संकोच न करता विचारा. एक, हे काम पगाराचं की कमिशनचं, आणि कागदावर काय मिळेल? दोन, प्रशिक्षण आणि परीक्षेचा खर्च किती, पावती मिळेल का? तीन, टार्गेट किती, आणि पूर्ण झालं नाही तर काय? चार, प्रवासखर्च कुणाचा? पाच, काम सोडलं तर माझ्या जुन्या ग्राहकांकडे कोण बघणार?

आणखी एक. कुणी सांगेल, "पहिला हप्ता तुम्हीच भरा, गिऱ्हाईक लगेच तयार होतं." याला नाही म्हणा. कमिशनमधून ग्राहकाला सूट देणं १९३८ च्या विमा कायद्याने बंद केलेलं आहे. त्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

चौघींचं ऐकून आमच्या ग्रामसंघाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. गटाच्या बैठकीत विमा विकायचा नाही, ज्या बाईला हवा तिच्या घरी जायचं. कर्ज मंजूर करताना पॉलिसीची अट घालायची नाही. आणि विमा घेणाऱ्या बाईला एक गोष्ट सांगितल्याशिवाय सही घ्यायची नाही. ती गोष्ट अशी, की आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर ती परत करता येते. थोडीफार रक्कम कापून बाकीचे पैसे मिळतात. हे सांगितल्यावर काही पॉलिसी कमी होतील. होऊ द्या. ज्या राहतील त्या टिकतील.

त्या चौघींपैकी वहिनीने काम घेतलं आहे, सध्या ती परीक्षेचा अभ्यास करते आहे आणि दीर तिला गाडी शिकवतो आहे. पहिल्या ताईने ती यादी साहेबांकडे दिली नाही. घरी आणून त्यातल्या प्रत्येक नावापुढे तिने लिहिलं, या घराला विम्याची खरी गरज आहे की नाही. चाळीसपैकी अकरा नावांवर खूण झाली. आता ती त्या अकरा घरांपासून सुरुवात करणार आहे. तुमच्यापैकी कुणी मुलाखतीला जाऊन आलं असेल, तर तुमचा अनुभव गटाच्या बैठकीत जरूर सांगा. पुढची जाणारी त्यावरून शहाणी होईल.