व्हॅनचा बाक कशात कसलाय?

महागावला आसपासच्या खेड्यांतली पोरं व्हॅननं शाळेत येतात. सामानाच्या व्हॅनमध्ये मागाहून बाक बसवलेला असला, तर गादी मऊ आहे का ते बघू नका. खाली वाकून बोल्ट बघा.

हिशोब सांगते. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर २० किलोच्या पोराची ओढ जवळपास ४ क्विंटल होते. एकट्याची! बाकावर चौघं असतात. बोल्ट नुसत्या तळाच्या पत्र्यात असला तर पत्रा फाटतो, बाक पोरांसकट सुटतो. मोठा वायसर लावून हे भागत नाही. बोल्ट गाडीच्या सांगाड्यातच हवा, पट्ट्याचाही. आडव्या बाकावर तर पट्टा असून नसल्यासारखा.

वेल्डिंगवाला म्हणेल, "ताई, काही होत नाही." पण तळाखाली पेट्रोलची नळी असते, तिथं भोक पाडणं खेळ नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनानं असा बदल करता येत नाही. आरसीवर सीटांचा आकडा असतो. तो ड्रायव्हरदादांना विचारा, आणि आत बाक किती ते मोजा.